सही, नक्कल आणि देरिदा

फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांचे ‘मार्ज’ हे पुस्तक १९७२ साली पॅरिसमध्ये निघाले. त्यातला शेवटचा लेख जिथे संपतो तिथे देरिदांची सही छापली आहे. सहीसोबत एक टीप आहे. भाषणाचा मजकूर आयोजकांना आधी पाठवायचा होता, त्यावर सही हवी होती, ती मी इथे करतो आणि तिची नक्कलही इथेच करतो, असा तिचा आशय. वाचणाऱ्याला हा निव्वळ चावटपणा वाटतो. फ्रेंच पंडितांचे चोचले म्हणून पुस्तक मिटायचा मोह होतो. पण देरिदा समजून घ्यायचे तर सुरुवात याच पानापासून करावी, असे माझे मत आहे. त्यांच्या नावाभोवती ‘विरचना’ (डीकन्स्ट्रक्शन) नावाचा जो दबदबा आहे, त्याने वाचक आधीच बिचकतो. त्यातून हल्ली बड्या हॉटेलांत एखादा पदार्थ सुटासुटा करून ताटलीत मांडला की त्यालाही ‘डीकन्स्ट्रक्टेड’ म्हणू लागले आहेत. सही मात्र सगळ्यांच्या ओळखीची.

बँकेत खाते उघडताना नमुना सही घेतात. पुढे प्रत्येक चेकवरची सही तिच्याशी ताडून पाहतात. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेली, पुन्हा कधीही तशी न काढता येणारी सही ही सहीच नव्हे, नुसत्या रेघोट्या. सही ओळखली जाते कारण ती पुन्हा करता येते. आता जी गोष्ट पुन्हा करता येते ती दुसऱ्यालाही करता येते. खोटी सही हे बाहेरून येऊन खऱ्या सहीला चिकटलेले दुखणे नाही. ज्या गुणामुळे सही खरी ठरते, त्याच गुणात तिची नक्कल होण्याची सोय आहे. ती सोय समूळ काढून टाकायची म्हटली तर सहीच शिल्लक राहणार नाही.

दुसरी बाजू अशी, की सही उपयोगी पडते ती सही करणारा समोर नसताना. प्रत्येक चेकबरोबर मी स्वतः जाऊन उभा राहणार असेन तर सहीची गरजच काय? मृत्युपत्र हे याचे अगदी टोकाचे उदाहरण. त्यावरची सही खरे काम करू लागते ती सही करणारा गेल्यावरच. तो आता सांगू शकत नाही की मला असे म्हणायचे नव्हते. वारस भांडतात, वकील एकेका शब्दाचा कीस काढतात, आणि कागद गप्प असतो.

देरिदांनी सहीबद्दल जे म्हटले तेच त्यांना सगळ्या भाषेबद्दल म्हणायचे आहे. कोणताही शब्द पुन्हा वापरता येतो म्हणून तो शब्द. बोलणाऱ्याच्या तोंडून, प्रसंगातून, हेतूतून तो उचलून दुसरीकडे नेता येतो. तसे नेता येणार नसेल तर तो मुळात कोणालाच कळणार नाही. म्हणजे भाषा ज्यामुळे पोचते, त्यामुळेच ती भलतीकडेही पोचू शकते. देरिदांच्या पन्नासहून अधिक पुस्तकांत अनेक विषय आहेत, पण हा एक हट्ट सगळीकडे सापडतो : एखादी गोष्ट ज्या आधारावर उभी असते, त्याच आधारात तिच्या ढासळण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता अपवाद म्हणून दाराबाहेर ठेवता येत नाही.

ऑगस्ट १९७१ मध्ये माँट्रियल इथे फ्रेंच भाषक तत्त्वज्ञांच्या परिषदेत सहीवरचा हा लेख भाषण म्हणून वाचला गेला. त्यात निशाण्यावर होते ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन. ऑस्टिन १९६० मध्येच वारले होते. त्यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्याने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ऑस्टिन यांचा शोध साधा आणि सुंदर आहे. काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती बोलणे हेच एक कृत्य असते. पैज लावणे, वचन देणे, जहाजाचे नामकरण करणे. मात्र ते कृत्य फळायला परिस्थिती योग्य हवी, माणूस अधिकारी हवा, आणि बोलणे गंभीरपणे केलेले हवे. रंगमंचावर नटाने दिलेले वचन, कवितेतली किंवा थट्टेतली शपथ ऑस्टिन यांनी बाजूला ठेवली. हे भाषेच्या नेहमीच्या वापरावर वाढलेले बांडगूळ, असा त्यांचा सूर होता.

देरिदांनी नेमके हे बांडगूळ धरले. नाटकातल्या लग्नात अंतरपाट असतो, अक्षता असतात, मंगलाष्टके म्हटली जातात, आणि पडदा पडल्यावर कोणीही नवरा-बायको झालेले नसते. बरोबर. पण नाटकात लग्न लावता येते ते कशामुळे? खऱ्या लग्नालाही आधीपासून ठरलेली संहिता असते म्हणून. भटजींनी तिथल्या तिथे काहीतरी नवेच रचून म्हटले तर मांडवातल्या लोकांना लग्न लागले की नाही हेच कळणार नाही. खऱ्या विधीचे बळ त्याच्या पाठ असण्यात आहे, आणि जे पाठ असते त्याचा प्रयोगही होऊ शकतो. मग नाटकाला उपरे का ठरवायचे? देरिदा नाटक आणि लग्न यांत फरक नाही असे म्हणत नाहीत. फरक आहे, परिणाम वेगळे आहेत, हे ते स्पष्ट सांगतात. तो फरक वापराच्या तऱ्हेचा आहे. अस्सल आणि कमअस्सल अशा दोन जातींचा तो नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

या लेखाचे इंग्रजी भाषांतर १९७७ मध्ये ‘ग्लिफ’ या नियतकालिकात आले, तेव्हा ऑस्टिन यांचे शिष्य जॉन सर्ल यांनी त्याला खरमरीत उत्तर दिले. सर्ल यांचा एक मुद्दा वजनदार होता. ऑस्टिन यांनी नाटकाला कायमचे हद्दपार केले नव्हते. आधी सरळ प्रकरणे बघू, वाकडी मागाहून, एवढीच ती कामाची शिस्त होती. देरिदांनी त्यावर जवळजवळ शंभर पानांचे प्रत्युत्तर लिहिले. सर्ल यांनी आपल्या लेखावर स्वामित्वहक्काची मुद्रा घातली होती आणि मदतीबद्दल इतरांचे आभारही मानले होते. मग हा लेख नक्की कोणाच्या मालकीचा, असे विचारून देरिदांनी सर्ल यांना एका ‘मर्यादित जबाबदारीच्या कंपनी’चे नाव बहाल केले आणि पानोपानी त्याच नावाने हाक मारली. ते वाचताना हसू येते. पण पुढे पुढे ही थट्टा लांबते आणि वादातला मुद्दा तिच्याखाली दबतो. अकरा वर्षांनी हा वाद पुस्तकरूपाने निघाला तेव्हा सर्ल यांनी आपला लेख त्यात छापू दिला नाही. संपादकाला त्याचा सारांश देऊन भागवावे लागले. शब्द लेखकाच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या तोंडी जातात, या सिद्धान्ताला याहून चोख उदाहरण देरिदांनाही सुचले नसते.

पण देरिदांचे नाव झाले ते या वादाच्या आधी. १९६७ या एका वर्षात त्यांची तीन पुस्तके आली आणि तिन्हींत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या एका जुन्या सवयीवर बोट ठेवलेले होते. ती सवय म्हणजे लिहिण्याबद्दलचा संशय. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस एक इजिप्तची गोष्ट सांगतो. थ्यूथ नावाचा देव राजाकडे लेखनकला घेऊन येतो आणि म्हणतो, हे स्मृतीवरचे औषध आहे. राजा म्हणतो, उलट याने माणसे विसराळू होतील. पुढे सॉक्रेटिस म्हणतो की लिहिलेला शब्द पोरका असतो. त्याला काही विचारले तर तो तेच तेच सांगतो, आणि कोणी त्याचा गैरवापर केला तर सोडवायला बाप येत नाही. ही भीती मराठी माणसाला नवी नाही. नारायणराव पेशव्याला धरण्याच्या हुकमात एक अक्षर बदलून आनंदीबाईने त्याचा जीव घेतला, अशी आख्यायिका आपण दोनशे वर्षे सांगत आलो आहोत. तिचा ऐतिहासिक पुरावा लंगडा आहे, पण ती टिकली, कारण हुकूम देणारा एकीकडे आणि कागद दुसरीकडे या अंतरात काय होऊ शकते ते सगळ्यांना उमजते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बोललेला शब्द अस्सल मानायचा. बोलताना माणूस समोर असतो, मनातले थेट ओठावर येते, शंका आली तर विचारता येते. लेखन म्हणजे या जिवंत बोलण्याची सावली. रूसो असे म्हणतो. आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणारे सोस्यूर असेच म्हणतात, आणि त्यांचा तो ग्रंथ, १९१६ मध्ये निघालेला, विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांवरून त्यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झालेला आहे! ब्राझीलच्या नांबिक्वारा लोकांत राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रोस लिहितात की त्या निरक्षर टोळीच्या नायकाने कागदावर नुसत्या नागमोडी रेघा ओढून आपला रुबाब वाढवला, म्हणजे लेखनाबरोबर सत्ता आणि कपट आले. देरिदा या सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात. दूर जाणे, पुन्हा वापरले जाणे, फिरवले जाणे हे लेखनाचे दोष म्हणता, ते बोलण्यात नाहीत का? लिपी नसलेल्या समाजात डावपेच नव्हते, हिंसा नव्हती, असे तुमच्याच नोंदींतून दिसते का?

आपल्या संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना हा प्रश्न ऐकताक्षणी पटावा. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते, ती नाममुद्रा. ही गायलेली सही. कीर्तनात ती कानावर पडते आणि श्रोत्याला कर्ता कळतो. पण ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ म्हणायला कागद लागत नाही, शाई लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. गाथांत इतरांचे अभंग मिसळले ते याच वाटेने. नामदेवांच्या नावावर विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना जाऊन बसली. ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एक की दोन, यावर मराठीत मोठा वाद झाला. एकनाथांना १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करावी लागली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असा इशाराही द्यावा लागला. प्रक्षिप्त वेगळे काढणे हे संशोधकाचे कामच आहे, ते नको असे कोण म्हणेल? पण ज्या मुद्रेमुळे भलत्याचे अभंग तुकारामांच्या नावावर चढले, तीच मुद्रा नसती तर तुकाराम हे नाव गावोगाव पोचलेही नसते. पोचण्याची आणि मिसळण्याची वाट एकच होती.

देरिदांच्या सर्वांत बदनाम विधानाचा घोटाळा इथेच सुटतो. मजकुराबाहेर काही नाही, अशा अर्थाचे त्यांचे एक वाक्य आहे. त्यावरून ते दगडधोंडे, भूक, युद्ध सगळे काल्पनिक मानतात असा समज पसरला. त्यांनी नंतर खुलासा केला की मला संदर्भाबाहेर काही नाही असे म्हणायचे होते. कोणतीही गोष्ट आपल्याला भेटते ती कशाच्या तरी शेजारी, कशाच्या तरी विरोधात, कुठल्यातरी आधीच्या वापराच्या खुणा घेऊन. संदर्भ सोडून नुसता अर्थ हातात येत नाही, आणि संदर्भाला शेवटचे कुंपण नसते. यातून ‘कसाही अर्थ लावा’ हे निघत नाही. उलट देरिदांचे वाचन इतके बारीक असते की एका तळटीपेवर ते वीस पाने थांबतात. त्यांच्या काही अनुयायांनी मात्र कष्ट गाळून नुसती मोकळीक उचलली.

या माणसाला मालकी, मूळ, अस्सलपणा यांबद्दल एवढा संशय का? तत्त्वज्ञानाची उत्तरे चरित्रात शोधू नयेत हे मान्य. तरी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. देरिदांचा जन्म १५ जुलै १९३० रोजी अल्जीअर्सजवळ एल-बियार इथे ज्यू कुटुंबात झाला. अल्जीरियातल्या ज्यूंना १८७० च्या एका फर्मानाने फ्रेंच नागरिकत्व मिळाले होते. १९४० मध्ये फ्रान्सच्या विशी सरकारने ते फर्मान रद्द केले. जर्मन सैन्याने अल्जीरियात पाऊलही ठेवले नव्हते. हे फ्रेंचांनीच केले. १९४२ च्या शरदात, शाळा सुरू होण्याच्या दिवशी, बारा वर्षांच्या देरिदांना घरी पाठवण्यात आले. पुढच्या वर्षी नागरिकत्व परत मिळाले. आपल्याला एकच भाषा येते आणि ती आपली नाही, असे त्यांनी पुढे फ्रेंचबद्दल लिहिले, तेही अत्यंत कसलेल्या फ्रेंचमध्ये.

१९८० नंतरचे, विशेषतः नव्वदच्या दशकातले देरिदा मला अधिक जवळचे वाटतात. सही आणि लेखन मागे पडते; दान, क्षमा, आतिथ्य असे विषय येतात. हट्ट तोच. दान घ्या. मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दाखवले होते की अनेक समाजांत भेटवस्तू ही परतफेडीच्या साखळीतली कडी असते. आपल्याकडे आहेराची वही लिहितात ती काही हौस म्हणून नाही. आहेर देणाऱ्यांकडे कार्य निघाले की ती वही उघडली जाते. देरिदा यापुढे जातात. परतफेड नको म्हणून गुपचूप दिले तरी देणाऱ्याला समाधान मिळते, तो मनातल्या मनात जमेची नोंद करतो. म्हणजे दान ‘दान’ म्हणून ओळखले गेले की व्यवहार सुरू होतो. मग दान खोटे का? नाही. व्यवहाराच्या पलीकडे काही द्यावे ही ओढ खरी आहे, आणि तिच्यामुळेच आपल्याला व्यवहार हा व्यवहार म्हणून दिसतो.

क्षमेचेही असेच. किरकोळ चूक माफ करण्यात क्षमा कसली? जे अक्षम्य आहे त्याच्याच बाबतीत क्षमेचा खरा प्रश्न उभा राहतो, म्हणजे क्षमा शक्य आहे ती फक्त जिथे ती अशक्य आहे तिथे. हे विधान कोड्यासारखे वाटते, पण ज्या वर्षांत ते आले ती आठवली की त्यातली धार लक्षात येते. दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि सलोखा आयोग बसला होता, राष्ट्रप्रमुख जुन्या अत्याचारांबद्दल माफी मागत होते. सलोखा, माफीनामा, पुढे चला हे सगळे राज्य चालवायला आवश्यक आहे, देरिदा ते नाकारत नाहीत. पण त्याला क्षमा म्हणू नका, आणि जिच्या मुलाला मारले त्या आईच्या वतीने सरकारने तर मुळीच ती देऊ नये.

आतिथ्यावरची त्यांची व्याख्याने १९९६ च्या जानेवारीतली. त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसच्या सँ-बेर्नार चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या, कागदपत्रे नसलेल्या आफ्रिकी स्थलांतरितांना पोलिसांनी दार फोडून बाहेर काढले. देरिदांचा मुद्दा असा : पाहुण्याला ‘या’ म्हणायला माझे घर असावे लागते, दारावर माझा ताबा असावा लागतो. आणि ताबा आला की नाव काय, किती दिवस, कागद दाखवा, हे प्रश्नही आले. ज्या दारामुळे स्वागत करता येते त्यालाच कडी असते. दार काढून टाकले तर घरच राहत नाही. फक्त कडीच लावून ठेवली तर स्वागत राहत नाही. म्हणून कायदा हवाच, पण अट नसलेल्या स्वागताची कल्पना त्या कायद्याला सतत टोचत राहिली पाहिजे. राजकारणाला उपयोगी पडेल असा तयार तोडगा यात नाही, ही तक्रार रास्त आहे. देरिदांचे उत्तर असे, की तयार तोडगा असेल तर तो निर्णय नव्हे, नियम चालवणे झाले.

त्यांच्यावरच्या रागाला या सगळ्याने बांध बसला नाही. १९९२ मध्ये केंब्रिज विद्यापीठ त्यांना मानद पदवी देणार म्हटल्यावर विरोध झाला आणि प्रकरण मतदानाला गेले. ३३६ विरुद्ध २०४ मतांनी पदवी मंजूर झाली. त्याआधी अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइन यांच्यासारख्या नामांकितांसह एकोणीस जणांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून हे लेखन स्पष्टता आणि काटेकोरपणाच्या निकषांवर उतरत नाही असे कळवले. पत्रात नमुन्यादाखल अवतरणचिन्हांत एक शब्दखेळ दिला होता. तो आपण कधी लिहिलाच नाही, असे देरिदांनी सांगितले. काटेकोरपणाच्या बाजूने एकोणीस सह्या, आणि उद्धरण तपासायला कोणी नाही!

पण दुसरे प्रकरण त्यांच्या अंगाशी आले, आणि तिथे त्यांची बाजू घ्यावीशी मला वाटत नाही. त्यांचे दिवंगत मित्र, येल विद्यापीठाचे पॉल द मान यांनी तरुणपणी जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये नाझी नियंत्रणाखालच्या वृत्तपत्रात लेख लिहिले होते, त्यांतला एक उघड ज्यूद्वेष्टा, हे १९८७ मध्ये बाहेर आले. देरिदांनी तो लेख निषेधार्ह ठरवला खरा. पण पाठोपाठ त्यातल्या वाक्यांचा असा कीस काढला की लेखकाला वाचवता येईल तितके वाचवावे. इतरांच्या वाक्यांत लपलेले काढणारी नजर मित्राच्या वाक्यावर येऊन मऊ झाली. शाळेतून ज्यू म्हणून हाकलल्या गेलेल्या माणसाने हे केले म्हणून ते अधिक खटकते.

वाचायला बसणाऱ्याने ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’पासून सुरुवात करू नये. त्या ग्रंथाचे १९७६ चे इंग्रजी भाषांतर कोलकात्यात जन्मलेल्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचे. आयोवात शिकवत असताना त्यांनी देरिदांचे नावही न ऐकता ते पुस्तक यादीत पाहून मागवले होते. भाषांतराला त्यांनी जोडलेली प्रस्तावना हेच एक पुस्तक आहे, आणि नवख्याची दमछाक तिथेच होते. देरिदांचे ‘ग्लास’ तर लांबच ठेवावे. त्यात प्रत्येक पानावर एका स्तंभात हेगेल आणि शेजारच्या स्तंभात तुरुंगात राहिलेला लेखक जने यांच्यावरचा मजकूर चालतो, आणि दोन्ही एकदम कसे वाचायचे ते सांगितलेले नाही. सहीवरचा लेख वीसेक पानांचा आहे. तो आधी घ्यावा, सोबत ऑस्टिन यांची पहिली दोन व्याख्याने ठेवावीत, कारण ती वाचायला मजेदार आहेत आणि देरिदा कोणाशी भांडताहेत हे त्यांशिवाय कळत नाही. मग आतिथ्यावरची व्याख्याने. मधे एखादे पान अजिबात उमगले नाही तर पुढे जावे. देरिदा तोच मुद्दा दहा पानांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा मांडतातच.